अर्ध्या घराची तपासणी

आप्पांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात कोट होता, गळ्यात टाय होता आणि डोक्याला माकडटोपी होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि ते स्वतःच्या घरात होते.

"हे काय आप्पा? कुठं निघालात?"

"कुठं न्हाई. गार हाय जरा. ये की आत. गाडी सरळ लावलीस न्हवं? खालचा तो बाबा लगेच चिठ्ठी चिकटवतो काचेवर."

आत पाऊल टाकलं आणि माझे दात वाजायला लागले. ऑक्टोबरचा महिना, कॉव्हेंट्रीतला ओला गारठा, आणि घरातल्या एकूण एक खिडक्या सताड उघड्या. भिंतीवरचे हीटर हाताला बर्फासारखे लागत होते. ब्रिस्टलहून दोन तास गाडी चालवून आलेली मी, कोट काढायला घेतला होता तो पुन्हा घातला.

"खिडक्या कशाला उघड्या टाकल्यात?"

"उप्पीट केलंय. फोडणीचा वास बसतो घरात. पाहुणा यायचाय, त्याला ठसका लागंल."

"पाहुणा नाही आप्पा. घर तपासायला माणूस येतोय."

"तपासायला आला म्हणून काय झालं? उंबरा ओलांडला की पाहुणाच."

मी एकेक खिडकी लावत गेले आणि माझी पाठ वळली की आप्पा एकेक उघडत आले. शेवटी मी नाद सोडला आणि दोन्ही हात उप्पिटाच्या पातेल्याला लावून उभी राहिले.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालची. आप्पा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. मिरजेहून एकोणीसशे पासष्टला आले ते थेट कॉव्हेंट्रीतल्या गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथंच राहिले. पहिली चार वर्षं यंत्रावर, पुढची पंचवीस तपासनीस म्हणून. गिअरचा प्रत्येक दात मापायचा आणि त्याला टॅग बांधायचा. हिरवा टॅग बांधला की माल पुढं, लाल बांधला की भंगारात. शामराव मगदूमांनी लाल टॅग बांधलेला गिअर खुद्द मालकानं सांगितलं तरी दाराबाहेर जात नसे, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की तो मालक कुठल्या रंगाचा सूट घालत असे तेसुद्धा मी सांगू शकले असते.

कारखाना बंद पडला तेव्हा आप्पा साठीला टेकले होते. पूर्ण घर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी आणि आईनं दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट अर्धा घेतला. अर्धा म्हणजे अक्षरशः अर्धा. निम्मी मालकी यांची आणि निम्मी एका हाउसिंग असोसिएशनची, त्यांच्या निम्म्याचं भाडं भरायचं. इथं ही पद्धत जुनी आहे, पण आईला काही ती शेवटपर्यंत पटली नाही. अर्धं घर कधी कुणी ऐकलंय का, म्हणायची. मग तिनं आपल्या मनानं वाटणी करून टाकली. स्वयंपाकघर आणि पूर्वेची खिडकी आपली, संडास आणि लांबलचक अंधारा बोळ असोसिएशनचा. कुणी पाहुणे आले की बोळातून नेताना सांगायची, हे तेवढं त्यांचं बरं का, आमचं पुढं आहे. नळ गळायला लागला की मात्र दुरुस्ती सगळी आपल्यालाच करावी लागायची, तेव्हा आप्पा म्हणायचे, "बघ, गळायचं असलं की आपल्याच निम्म्यात गळतंय."

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याच दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत आप्पा जिन्यावरून पडले. दोन मजल्यांमधल्या कट्ट्यावर दोन तास बसून राहिले, शेजारीण कामावरून येईपर्यंत. खिशात फोन होता. मला कळलं ते दहा दिवसांनी, तेही त्या शेजारणीकडून. फोन का नाही केलात म्हटल्यावर म्हणाले, "तुझी ड्यूटी मोडली असती की उगंच." मी ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात औषधं देण्याचं काम करायची. त्या दिवशी मी गोळ्या मोजता मोजता रडले, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

जूनमध्ये मी आप्पांना म्हटलं, आता पुरे, तुम्ही आमच्याकडं या. तळमजल्यावरची खोली तुमची. त्यावर ते म्हणाले, "बघू की." आमच्या घरात 'बघू की' हा होकारही नसतो आणि नकारही नसतो. मी तो होकार धरला, कारण मला तो हवा होता. खोलीला रंग दिला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि हाउसिंग असोसिएशनला पत्र टाकलं. असला अर्धा फ्लॅट विकायचा तर आधी त्यांना कळवायचं, मग आठ आठवडे गिऱ्हाईक शोधायचा हक्क त्यांचा. पण त्यांचं घड्याळ सुरू व्हायला दोन कागद लागत होते. एक किमतीचा, तो मी सप्टेंबरातच मिळवला होता. दुसरं एनर्जी सर्टिफिकेट. घर ऊब किती धरतं, वीज किती खातं, ते तपासून माणूस एक श्रेणी देतो, एपासून जीपर्यंत, ए सगळ्यांत चांगली आणि जी सगळ्यांत वाईट. त्याच्याशिवाय घर बाजारात मांडता येत नाही. आप्पांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की गुरुवारी तपासनीस येणार आहे आणि सर्टिफिकेट मिळालं की विक्री सुरू. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"काय काय बघतो त्यो?"

मला वाटलं, जुना तपासनीस जागा झाला. मी माहितीपत्रकातलं सगळं वाचून दाखवलं. दिवे कसले आहेत, पाण्याच्या टाकीला ऊब धरणारं जाकीट आहे का, हीटर कुठले, त्यांची कागदपत्रं. आप्पा मधूनमधून "हं, हं" करत होते. लिहून घेत असावेत असं मला वाटलं आणि मनातून बरंही वाटलं, की माणूस रस घेतोय.

दहाला पाच कमी असताना घंटी वाजली. प्रिचर्ड नावाचा वेल्श गृहस्थ होता, साठीच्या आसपासचा, उंच, थोडा वाकलेला. दारातच त्यानं बूट काढले. आप्पांच्या नजरेत तो तिथंच पास झाला.

"आधी खाऊन घ्या," आप्पा त्याला म्हणाले.

"आधी काम करतो, मिस्टर मगदूम."

"काम कुठं पळून जातंय? उप्पीट गार होईल."

प्रिचर्डनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. बिचारा टेबलाशी बसला आणि त्यानं चमच्यानं उप्पीट खाल्लं. दुसऱ्यांदा वाढलं तेही खाल्लं. आप्पा समोर बसून त्याला लिंबू पिळून देत होते. त्या सकाळचं आता आठवलं की मला हसू येतं ते याचंच. ज्या माणसाला फसवायचा घाट घातलाय, त्यालाच आग्रह करकरून खाऊ घालत होते, आणि दोन्ही गोष्टी अगदी मनापासून चालल्या होत्या.

खाणं झाल्यावर प्रिचर्डनं एक छोटं यंत्र काढलं. भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि अंतर कळायचं. आप्पा त्याच्या मागं मागं फिरत होते.

"चूक किती मिलिमीटरची येते याला?"

"दोन."

"आम्हाला दोन मिलिमीटर म्हणजे नोकरीवरनं जायची पाळी," आप्पा म्हणाले, आणि मग टाय सारखा करून सांगितलं, "मीही तपासनीस होतो. पंचवीस वर्षं."

"मग तुम्हाला ठाऊकच आहे," प्रिचर्ड म्हणाला. "आमचा नियम सोपा. जे दिसतं तेच लिहायचं. असेल, असावं, घरमालक म्हणतो म्हणून, असलं काही चालत नाही."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. इतक्या समाधानानं म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

प्रिचर्डनं बैठकीतला दिवा लावला. पिवळा उजेड पडला. जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. मग स्वयंपाकघरातला, मग बोळातला, मग झोपायच्या खोलीतला. सगळे तसलेच. मला आठवत होतं, दोन वर्षांपूर्वी मीच पेटीभर नवे, पिळाचे, कमी वीज खाणारे दिवे आणून दिले होते आणि ते आप्पांनी स्टुलावर चढून माझ्या देखत लावले होते.

"आप्पा, ते नवे दिवे कुठं गेले?" मी मराठीत विचारलं.

"गेले."

"सगळे?"

"आजकाल माल चांगला येत न्हाई."

हीटरची कागदपत्रं आहेत का, प्रिचर्डनं विचारलं. आप्पांनी मान हलवली, नाही. आता मात्र मी चमकले. हा माणूस पासष्ट सालच्या बोटीचं तिकीट जपून ठेवणारा. मिक्सरचा मिक्सर गेला, पण त्याची हमीची पावती फाइलीत होती. मी काही बोलणार एवढ्यात प्रिचर्ड बोळातल्या कपाटाशी पोचला होता. तिथं गरम पाण्याची टाकी होती, तांब्याची, उंच, आणि उघडी. तिच्यावरचं लाल जाड जाकीट नव्हतं. टाकीच्या अंगावर मात्र पट्ट्या आवळल्याच्या तीन रेघा चकचकीत दिसत होत्या, वर्षानुवर्षं बांगडी घातलेल्या मनगटावर दिसतात तशा. बाकीच्या तांब्यावर धूळ, आणि रेघांच्या जागी लख्ख.

प्रिचर्डनं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग वळून आप्पांकडं पाहिलं. आप्पा छताकडं बघत होते.

"जाकीट नाही," प्रिचर्ड म्हणाला.

"नाही," आप्पा म्हणाले.

"जे दिसतं तेच मी लिहितो, मिस्टर मगदूम."

"लिहा."

त्यानं लिहिलं. फोटो काढला. जाता जाता सहज म्हणाला, "आणि थंडीचं म्हणाल तर खिडक्या लावून घ्या आता. घर आत्ता किती गार आहे याचा श्रेणीशी काही संबंध नसतो."

आप्पांचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. पहाटे सहापासून ते त्या गारठ्यात कोट-टोपी घालून बसले होते, हे मला मागाहून कळलं.

तासाभरात काम आटपलं. दोन दिवसांत सर्टिफिकेट येईल, तुम्हाला फोन करतो, असं मला सांगून प्रिचर्ड निघाला. आप्पा त्याच्याबरोबर निघाले.

"तुम्ही कुठं? जिना आहे आप्पा."

"पाहुण्याला गाडीपातूर पोचवायला नको?"

"मी जाते."

"तू बस. घर माझं हाय." आणि कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पायांनी घेत, ते खाली गेले. गळ्यात मफलर नव्हता.

मफलर शोधायला म्हणून मी त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. डावीकडं अजून आईच्या साड्या होत्या. त्यांच्याखाली टाकीचं लाल जाकीट, नीट घडी घातलेलं, पट्ट्या गुंडाळून वर ठेवलेल्या. त्याच्याखाली निळी फाइल, 'हीटर' असं मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेली. मोज्यांचा खण ओढला तर जड लागला. एकेका मोज्यात एकेक दिवा होता. फुटू नये म्हणून मोज्याचं तोंड दुमडून आत खोचलं होतं. सात मोजे, सात दिवे.

मी पलंगावर बसले. आधी खूप राग आला. सुट्टी टाकून मी आले, महिनाभर फोन करकरून ही वेळ मिळवली, आणि या माणसानं परीक्षेला बसायच्या आधीच उत्तरपत्रिका लपवून ठेवली. शिवाय हे दिवे काढायला सत्त्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर चढले असणार. सात वेळा. आणि जुने लावायला पुन्हा सात वेळा.

खिडकीतून पाहिलं तर खाली दोघं गाडीशी उभे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. प्रिचर्ड काहीतरी समजावून सांगत होता. आप्पांनी माकडटोपी काढून हातात घेतली होती. मग प्रिचर्डनं त्यांच्या दंडावर हात ठेवला, गाडीत बसला आणि गेला. आप्पा तिथंच थोडा वेळ उभे राहिले. दोन तपासनिसांच्या गप्पा रंगल्या असतील, असं मला वाटलं.

ते वर आले तेव्हा मी सातही मोजे टेबलावर ओळीनं मांडून ठेवले होते.

आप्पांनी मोज्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. धाप लागली होती. मी पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत मी गप्प राहिले, तेवढं माझं मला कौतुक वाटतं.

"हे काय आहे आप्पा?"

"दिवे."

"ते दिसतंय मला. का?"

त्यांनी टेबलावरचा एक मोजा उचलला, आतला दिवा बाहेर काढला, कानाशी धरून हलवून पाहिला, शाबूत होता, पुन्हा आत ठेवला.

"मला वाटलं होतं, नापास झालं की माल दाराबाहेर जात न्हाई," ते म्हणाले. "लाल टॅग पडंल. मग विकायचा विषयच मिटला."

"म्हणजे तुम्हाला यायचंच नाहीये माझ्याकडं?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

"खोली रंगवलीस. दांडा बसवलास. जावईबापू सुट्ट्या काढून राबले. एवढं सगळं लेकीनं केल्यावर बापानं तोंडानं कसं म्हणायचं, मला नको म्हणून? जीभ वळंना. म्हटलं, कागदच म्हणू दे नको. कागदावर कुणाला रुसता येत न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगीच उठून एक खिडकी लावली. या वेळी त्यांनी ती पुन्हा उघडली नाही.

"इथं काय आहे पण आप्पा?" मी खिडकीकडं तोंड करूनच म्हटलं. "आई नाही. कारखाना नाही. ओळखीची माणसं एकेक करून गेली. मी नसताना पुन्हा पडलात तर?"

"पडलो तर पडलो. हितं मला कुठं काय हाय ते ठावं हाय. अंधारात उठलो तर हात बरोबर बटणावर जातो. तुझ्या घरात मी पाहुणा व्हणार गं. लाडाचा असंल, पण पाहुणा. चहा करायचा तर आधी डबा हुडकायचा, मग इचारायचं, घेऊ का म्हणून." थोडं थांबून म्हणाले, "निम्मं का असंना, ह्ये माझं हाय."

आप्पा इतकं सलग बोललेले मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलेत. आमच्याकडं माया पातेल्यातून वाढली जायची, तोंडातून नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा ते मला फक्त म्हणाले होते, जेवून घे.

मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तू सगळी कागदं वाचलीस. तू सांग आता. झालं का नापास?"

मला खरं उत्तर माहीत होतं. यात नापास होणं नसतंच. श्रेणी ए येवो नाहीतर जी, सर्टिफिकेट हातात असलं की घर विकता येतं. सात दिवे, टाकीचं जाकीट, पहाटेपासूनची थंडी, सगळं फुकट गेलं होतं. हे त्या घडीला त्यांच्या तोंडावर सांगणं माझ्यानं होईना. म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, रविवारी शांतपणे समजावू. असोसिएशनला द्यायचा विक्रीचा सही केलेला अर्ज माझ्या पर्समध्ये होता. तो मी फाडला नाही, फाडायचं मनातही आलं नाही. पर्स मी नुसती जवळ ओढून घेतली.

"हो," मी म्हणाले. "झालं नापास."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. इतका वेळ, की माझी नजर खाली गेली.

"बरं," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको. दिवाळीला येतो की तुझ्याकडं. चांगला आठ दिवस राहतो." आणि उठून त्यांनी माझ्यासाठी चहाचं आधण ठेवलं. नंतर दोघांनी मिळून दिवे लावले. या खेपेला स्टुलावर मी चढले आणि त्यांनी स्टूल धरलं, आणि माझा बल्ब तिरका बसतोय म्हणून पूर्ण वेळ मला बोलून घेतलं.

शनिवारी दुपारी मी घरी भाजी चिरत असताना प्रिचर्डचा फोन आला. सर्टिफिकेट तयार झालं होतं. श्रेणी ई.

"दिवे आणि जाकीट परत जागेवर गेले असतील तर सांगा, मी पुन्हा येऊन बघतो," तो म्हणाला. "डी सहज मिळेल. तसं ई असली तरी तुमचं काही अडत नाही म्हणा."

"तुम्हाला कळलं होतं?"

"मॅडम, तीन रेघा होत्या टाकीवर." तो हसला. मग त्याचा आवाज बदलला. "खरं सांगायचं तर तुमच्या वडिलांसाठी मला वाईट वाटलं. खाली गाडीशी त्यांनी मला विचारलं, कितीला नापास धरतात. मी सांगितलं, यात कुणी नापास होत नाही, कुठलीही श्रेणी आली तरी घर विकता येतं. ते ऐकून त्यांनी टोपीच काढून हातात घेतली."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

"मग?"

"मग विचारलं, हे माझ्या मुलीला ठाऊक आहे का? मी म्हटलं, असणारच, माहितीपत्रक त्यांच्याकडंच आहे. माझं काही चुकलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "काही चुकलं नाही."

फोन ठेवला आणि मी त्या अर्धवट चिरलेल्या भाजीसमोर बसले. म्हणजे जिना चढून वर आले तेव्हा आप्पांना सगळं ठाऊक होतं. घर विकलं जाणार, आणि ते मला माहीत आहे, हेही ठाऊक होतं. तरी टेबलावर दोन्ही हात ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, तू सांग. आणि मी जे दोन दिवसांपुरतं, वेळ मारून न्यायला बोलले होते, ते त्यांनी माझा शब्द म्हणून घेतलं आणि मलाच समजूत घालून चहा करायला उठले. मला माझी जितकी लाज वाटली, तितकी त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

अर्ज मी त्या दुपारी फाडला. असोसिएशनला कळवलं की विक्री रद्द. तळमजल्यावरच्या खोलीत शिवणाचं मशीन नेऊन ठेवलं. कॉव्हेंट्रीच्या त्या जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसवून घेतला आणि शेजारणीला घराची किल्ली दिली. त्यानंतर आप्पा सहा वर्षं त्या घरात राहिले आणि तिथंच, झोपेत गेले. सर्टिफिकेटचा विषय त्या सहा वर्षांत आमच्यात एकदाच निघाला, आणि तो त्या शनिवारीच, फोनवर.

"काय करताय आप्पा?"

"काय न्हाई. बसलोय की. का गं?"

"त्या तपासनिसाचा फोन आला होता."

पलीकडं रेडिओ लागला होता, तो त्यांनी बारीक केला.

"काय म्हणला?"

"ई श्रेणी आली."

"म्हणजे काय?" आप्पांनी विचारलं. आवाज अगदी सपाट होता, पण श्वास धरून ठेवलेला मला ऐकू येत होता.

"म्हणजे नापासच आप्पा," मी म्हणाले. "साफ नापास. विकताच येणार नाही."

आम्ही दोघंही फोन धरून तसेच बसून राहिलो आणि आधी कुणीच ठेवेना.